एस ९ नॉईज, डायरेक्ट सॅम्पलिंग आणि डीएसपीकडून ठेवायच्या अपेक्षा

हॅम रेडिओतला, म्हणजे हौशी बिनतारी संदेशनातला, प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला सातव्या मजल्यावर घर, टेरेसवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्ही आकाराचा वायर अँटेना, हॅमचं नवीन व्हीयू३ लायसन्स, आणि संध्याकाळी बँडवर सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर नुसत्या नॉईजनेच एस ९ च्या खाली येत नाही. आता रिग (रेडिओ सेट) घ्यायचाय, तर डायरेक्ट सॅम्पलिंगवाला, म्हणजे अँटेनाचा सिग्नल थेट आकड्यांत बदलणारा घ्यावा, की रूफिंग फिल्टरवाला हायब्रिड, म्हणजे आधी अरुंद फिल्टरमधून गाळून मग आकड्यांत बदलणारा? कोणी सांगतं डायरेक्ट सॅम्पलिंग मुंबईत ओव्हरलोड होतो, कोणी सांगतं नवीन रिगचं नॉईज रिडक्शन लावलं की एस ९ साफ. आणि तोपर्यंत आरटीएल डाँगलवर (लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर) ऐकायचं म्हटलं तर जिथे जावं तिथे एफएमची गाणी.

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. तुमच्या घरी आज जी परिस्थिती आहे तिच्यात या दोन प्रकारच्या रिगमधला फरक तुम्हाला कानाने कळणार नाही. ज्याने फरक पडेल ते सगळं रिगच्या बाहेर आहे. एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या, आधीच जे सिग्नलमध्ये मिसळलं किंवा जे ओव्हरलोडमध्ये चिरडलं गेलं, ते नंतर आकड्यांवर कितीही गणित (डीएसपी) केलं तरी परत वेगळं होत नाही. एखाददुसरा अपवाद आहे, तो पुढे सांगतो, पण पैसे खर्च करायचा क्रम यावरूनच ठरवायचा.

आता आकडे बघू, कारण आकड्यांशिवाय ही चर्चा नुसती फिरत राहते. रूम टेंपरेचरला ५० ओहमच्या रेझिस्टरचा स्वतःचा नॉईज एका हर्ट्झमध्ये उणे १७४ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) असतो. एसएसबीचा (बोलण्याचा नेहमीचा मोड) २४०० हर्ट्झचा फिल्टर धरला तर त्यात साधारण ३४ डीबी मिळवायचे, उणे १४० झाले. याच्या खाली कोणाचाच रिसीव्हर जात नाही. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) एस ९ म्हणजे उणे ७३ डीबीएम. म्हणजे तुमच्या अँटेनातून येणारा नॉईज त्या मर्यादेच्या ६७ डीबी वर आहे, पॉवरमध्ये बोलायचं तर ५० लाख पट. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) पी.३७२ म्हणून एक शिफारस आहे, तिच्यात शहरातल्या मानवनिर्मित नॉईजचं सूत्र दिलंय. त्यात ७ मेगाहर्ट्झ टाकले की त्याच मर्यादेच्या ५३ डीबी वर असं उत्तर येतं, म्हणजे एका एसला ६ डीबी धरून एस ७ च्या जरा खाली (अँटेना वेगळा म्हणून थोडं इकडेतिकडे होईल). तुमच्याकडे एस ९ आहे. मग वरचे १३-१४ डीबी कुठून आले? ते नुसत्या शहराचे नाहीत, जवळपासचं कुठलंतरी एक-दोन यंत्र ते देतंय, आणि ही चांगली गोष्ट आहे कारण शहर बंद करता येत नाही पण यंत्र शोधता येतं.

दुसरा हिशोब. कुठल्याही बऱ्या रिगचा नॉईज फ्लोअर (स्वतःचा नॉईज) प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग, बंद ठेवून ५०० हर्ट्झमध्ये उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो. तुमचा एस ९ नॉईज त्याच ५०० हर्ट्झमध्ये मोजला तर उणे ८० येतो. मधले ५० डीबी तुमच्या काहीच कामाचे नाहीत, रिग त्या भागात ऐकू शकतो पण तिथे फक्त नॉईजच आहे. म्हणून ४० मीटरवर प्रीॲम्प बंद, आणि वर १० किंवा २० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) बिनधास्त लावा. मीटर खाली येईल, पण सिग्नल आणि नॉईज दोन्ही सारखेच खाली येतात, त्यामुळे स्टेशन जितकं समजत होतं तितकंच समजतं, आणि पुढच्या स्टेजवरचा भार उतरतो. प्रीॲम्प लावला की मीटर हलतो म्हणून लोकांना वाटतं जास्त ऐकू येतंय, तसं काही नसतं. घरी करून बघायची टेस्ट सोपी आहे, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं) बंद करा, शांत फ्रिक्वेन्सीवर या, अँटेना काढून स्पीकरचा आवाज ऐका, मग अँटेना लावा. नॉईज १० डीबीने जरी वाढला तरी सेन्सिटिव्हिटी पुरेशी आहे, त्याहून जास्त वाढत असेल तर अटेन्युएटर वाढवत जा. तुमच्याकडे तो ५० ने वाढणार आहे.

डायरेक्ट सॅम्पलिंग ओव्हरलोड होतो या म्हणण्यात तथ्य किती ते बघू. आयकॉम आयसी-७३०० हा २०१६ पासूनचा, सगळ्यांना माहीत असलेला रिग घ्या. त्यात १४ बिटचा एडीसी आहे आणि तो साधारण १२४ मेगाहर्ट्झने सॅम्पल घेतो, म्हणजे शून्यापासून ६० मेगाहर्ट्झपर्यंत समोर जे येईल ते सगळं एकदम आकड्यांत उतरतं. लोक बिट मोजतात, एका बिटाला ६ डीबी धरतात आणि म्हणतात १४ बिट म्हणजे जेमतेम ८५ डीबी, इतक्याने काय होणार. पण हे ८५ डीबी (खऱ्या चिपमध्ये ७५-७७ च्या आसपास) अख्ख्या ६२ मेगाहर्ट्झच्या रुंदीत आहेत. तुम्ही ऐकताय ५०० हर्ट्झ. क्वांटायझेशनचा नॉईज सगळीकडे पसरलेला असतो आणि डेसिमेशन करत करत, म्हणजे आधी सीआयसी मग एफआयआर अशा डिजिटल फिल्टरांनी सॅम्पल रेट उतरवत, तुम्ही त्यातला अगदी बारीक तुकडा ठेवून बाकीचा फेकून देता. यातून साधारण ५१ डीबी मिळतात, एकूण १२५ च्या वर जातं. आणखी एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. ॲनालॉग मिक्सरमध्ये सिग्नल १ डीबीने वाढला की थर्ड ऑर्डरचा कचरा (सिग्नल एकमेकांत मिसळून झालेले खोटे सिग्नल) ३ डीबीने वाढतो, एडीसी असा वागत नाही. त्याच्यात क्लिप होईपर्यंत, म्हणजे सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन कापला जाईपर्यंत, जवळपास सगळं ठीक असतं, उलट बँडवर बऱ्यापैकी नॉईज आणि भरपूर सिग्नल असले तर ते डिदरसारखं (मुद्दाम मिसळलेला थोडा नॉईज) काम करतात. आणि क्लिप झाला की मात्र एका क्षणात अख्खा बँड जातो, हळूहळू बिघडणं नाही. म्हणून अशा रिगसाठी आयपी३ चा (त्या थर्ड ऑर्डर कचऱ्याचं माप) आकडा विचारून काही कळत नाही. विचारायचं ते एवढंच की क्लिप कधी होतो आणि त्याच्या आधी बँडपास फिल्टर (ठराविक बँडच आत सोडणारे) कसे आहेत. ७३०० मध्ये ते फिल्टर आहेत आणि ओव्हीएफची (ओव्हरफ्लो) खूण दिसते, ती पेटली की आधी प्रीॲम्प काढा, मग अटेन्युएटर, मग आरएफ गेन खाली घ्या.

मुंबईत क्लिप करणारं काय आहे? दोन गोष्टी. एक, रात्री ७२०० किलोहर्ट्झच्या वर बसलेले शॉर्टवेव्ह ब्रॉडकास्टर. आपला बँड ७००० ते ७२००, त्याला खेटूनच त्यांचा सुरू होतो, त्यामुळे ४० मीटरचा बँडपास त्यांना अडवत नाही. इथे अटेन्युएटर हेच औषध. दुसरी, मीडियम वेव्ह. मालाडला मार्वे रोडच्या बाजूला आकाशवाणीचे ट्रान्समीटर आहेत, ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ मुंबईत सगळ्यांच्या ओळखीचे. मुलुंडला तितका त्रास नसेल, पण कांदिवली, बोरिवली, गोरेगावच्या लोकांनी हे नीट वाचा, विशेषतः ज्यांच्याकडे बँडपास नसलेला उघडा एसडीआर (गणितावर चालणारा रेडिओ) आहे. १०० किलोवॉटच्या वर्गाच्या ट्रान्समीटरपासून ५ किलोमीटरवर फील्ड अर्ध्या व्होल्ट प्रति मीटरच्या घरात जाऊ शकतं. तेवढं २० मीटरच्या वायरने गोळा केलं तर कुठला एडीसी टिकेल?

यावर उपाय स्वस्त आहे आणि एका संध्याकाळी होतो. ५० ओहमचा पाच एलिमेंटचा बटरवर्थ हायपास (कट ऑफच्या खालचं अडवणारा फिल्टर), कट ऑफ अडीच मेगाहर्ट्झ. सिरीजमध्ये २००० पिकोफॅरड, मग ग्राउंडला २ मायक्रोहेन्री, सिरीजमध्ये ६४० पिकोफॅरड, परत ग्राउंडला २ मायक्रोहेन्री, शेवटी परत २००० पिकोफॅरड. २००० साठी दोन हजार-हजारचे पॅरलल लावा, ६४० च्या जागी ६८० चालतो. कपॅसिटर सीओजी किंवा सिल्व्हर मायका, साधे पिवळे डिस्क नकोत. कॉईल टी५०-२ या लाल टॉरॉइडवर २० वेढे, झालं. १०४४ वर साधारण ३८ डीबी आणि ५५८ वर ६५ डीबी खाली जातं, ४० मीटरवर काही कळतही नाही. १६० मीटर ऐकत असाल तर तिथे हा १३-१४ डीबी खातो, त्यांनी कट ऑफ खाली घ्यावा. आणि हा फक्त रिसीव्हसाठी आहे, याच्यातून ट्रान्समिट अजिबात करायचं नाही. १०० वॉटला ५० ओहमवर ७० व्होल्ट आरएमएस असतात, छोटे कपॅसिटर आणि कोर जातील आणि कदाचित फायनल्सही (ट्रान्समीटरचे शेवटचे ट्रान्झिस्टर).

मग हायब्रिड कोणी घ्यावा? याएसू एफटीडीएक्स१० सारख्या रिगमध्ये ९ मेगाहर्ट्झच्या आयएफवर (मधली फ्रिक्वेन्सी) ५०० हर्ट्झचा क्रिस्टल रूफिंग फिल्टर असतो, म्हणजे शेजारचा दांडगा सिग्नल एडीसीपर्यंत पोचतच नाही. दोन किलोहर्ट्झ बाजूला कोणीतरी प्रचंड जोरात असेल तेव्हाच याचा उपयोग. एकाच सोसायटीत दोन हॅम, कॉन्टेस्टला दोन स्टेशन, फील्ड डे, अशा ठिकाणी जरूर घ्या. रिसीव्हर मोजून तुलना करणारे रॉब शेरवुड यांचा जो प्रसिद्ध तक्ता आहे तो याच २ किलोहर्ट्झवरच्या डायनॅमिक रेंजच्या क्रमाने लावलेला आहे, आणि लोक तो बघून वरच्या नंबरचा रिग शोधत बसतात, पण एस ९ नॉईजवाल्या घरात तक्त्यातल्या पहिल्या आणि तिसाव्या रिगमध्ये फरक पडत नाही, तो नॉईजच्या खाली गाडला जातो. शिकायची आवड असेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांचा एसबिटएक्स हा रिग बघा. ४० मेगाहर्ट्झवर क्रिस्टल फिल्टर, तिथून साधारण २५ किलोहर्ट्झचा तुकडा ऑडिओ कोडेकमध्ये (आवाजाची एडीसी चिप) आणि पुढचं सगळं रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, सर्किट आणि कोड दोन्ही उघडं. रिसीव्हरचा कुठला भाग हार्डवेअरने करावा आणि कुठला गणिताने, हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसलं नाही मला.

आता नॉईज रिडक्शन. सर्वात जास्त गैरसमज इथेच आहेत. बहुतेक रिगमधलं एनआर हे १९६० साली विड्रो आणि हॉफ यांनी मांडलेल्या एलएमएस अल्गोरिदमच्या घराण्यातलं असतं, किंवा मग स्पेक्ट्रल सबट्रॅक्शन (प्रत्येक फ्रिक्वेन्सीतून नॉईजचा अंदाज वजा करणं). एलएमएसवाला फिल्टर काय करतो, तर थोडा आधीचा आवाज घेऊन आत्ताच्या आवाजाचा अंदाज बांधतो. ज्याचा अंदाज लागतो ते म्हणजे बोलणं किंवा टोन, ज्याचा लागत नाही तो नॉईज. अंदाज स्पीकरला दिला की एनआर झालं, अंदाज वजा करून उरलेलं दिलं की ऑटो नॉच (शिट्टी आपोआप काढणारा) झाला. मशीन एकच, आउटपुट दोन. हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. पंख्यासारखा सलग फुसफुस आवाज असेल आणि स्टेशन त्याच्या वर असेल तर एनआरने कानाला खरंच आराम मिळतो, दोन तास नेट (ठरल्या वेळची हॅमची बैठक) ऐकायची असेल तर मी स्वतः लावतो. पण तुमचा नॉईज स्विच मोड सप्लायचा (अडॅप्टर वगैरे) असणार, त्यात १०० हर्ट्झची गुणगुण असते (५० च्या मेन्सची दुप्पट), म्हणजे त्याचाही अंदाज लागतो आणि मग एनआर गोंधळतं. आणि स्टेशन नॉईजच्या बरोबरीला आलं की एनआर व्यंजनं खातं, कॉलसाइनमधलं बी, डी, पी, टी सगळं एकसारखं ऐकू येतं. जे शब्द आधी कळत नव्हते ते एनआरने कळायला लागले असं सहसा होत नाही.

मग कोणी म्हणेल एफटी८ (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) नॉईजच्या खालचे सिग्नल कसे काढतो? २५०० हर्ट्झच्या हिशोबाने उणे २१ डीबीपर्यंत. कारण तिथे सॉफ्टवेअरला सिग्नलची पूर्ण ठेवण माहीत असते, आठ टोन, रुंदी ५० हर्ट्झ, कधी सुरू होणार, एरर करेक्शन कसं आहे, सगळं. समोरचा माणूस काय बोलणार हे एनआरला माहीत नसतं.

आणि तो अपवाद. नॉईजचा दुसरा नमुना मिळाला तर तो वजा करता येतो. एक छोटा सेन्स अँटेना नॉईजच्या जवळ, मुख्य अँटेना टेरेसवर, दोन्हींची फेज आणि लेव्हल जुळवून उलट मिळवायचे. हे काम करणारे ॲनालॉग नॉईज कॅन्सलर मिळतात, आणि दोन एडीसी एकाच क्लॉकवर चालणाऱ्या एसडीआरमध्ये तेच गणिताने होतं. मात्र एका वेळी एकच नॉईज जातो. तुमच्याकडे चार ठिकाणांहून येत असेल तर हाती फारसं लागणार नाही.

नॉईज ब्लँकर वेगळा. तो छोट्या टोकदार पल्ससाठी, आणि तो अरुंद फिल्टरच्या आधीच बसला पाहिजे. एका मायक्रोसेकंदाची ठिणगी ५०० हर्ट्झच्या फिल्टरमधून गेली की २ मिलिसेकंदांची होऊन बाहेर येते, मग ती कापायची कशी? बाइकचं इग्निशन, लोकलच्या पँटोग्राफची पावसातली चटचट, अशांवर तो चालतो. एलईडी ड्रायव्हरवर नाही.

खरं तर डीएसपीने आपल्याला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे फिल्टर. क्रिस्टल फिल्टरला कधी न जमलेल्या उभ्या भिंती. पण त्याचीही किंमत आहे, वेळ. फ्रेड हॅरिस यांचा ठोकताळा वापरा, सॅम्पल रेटला ट्रान्झिशनच्या रुंदीने भागा, आणि त्याला हवे तेवढे डीबी भागिले २२ ने गुणा. १२ किलोहर्ट्झ रेट, ५० हर्ट्झची उतरण, ६० डीबी, झाले ६५५ टॅप (फिल्टरचे गुणक). लिनिअर फेज असल्याने अर्ध्या टॅपांइतका उशीर, म्हणजे २७ मिलिसेकंद. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगाला सीडब्ल्यूचा (मोर्स) एक डॉट ४८ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे अर्ध्या डॉटपेक्षा जास्त उशीर एका फिल्टरने खाल्ला. म्हणून सीडब्ल्यूवाल्यांनी फिल्टर शार्पऐवजी सॉफ्ट ठेवावा, रिंगिंगही कमी होतं. एसएसबीला शार्प ठेवा.

आणि दुसरी देणगी वॉटरफॉल (बँडवरचे सिग्नल वेळेप्रमाणे दाखवणारं चित्र), जी मुंबईच्या हॅमला एनआरपेक्षा दहापट उपयोगी आहे. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, वॉटरफॉल अख्ख्या बँडभर उघडा, आणि घरचा मेन एमसीबी बंद करा. नॉईज पडला तर चोर घरातच आहे, एकेक एमसीबी लावत जा आणि पडद्यावर बघत राहा. ठराविक अंतराने येणारे जाड धूसर पट्टे, जे तापमानासोबत हळूहळू सरकतात, ते अडॅप्टर किंवा एलईडी ड्रायव्हर. वायफाय राउटरचा आणि सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर आधी तपासा, हेच दोघं जास्त वेळा सापडतात. अख्खा पडदा एकदम उजळतो, अर्धा मिनिट राहतो आणि एकदम विझतो, परत काही वेळाने तेच, ती लिफ्ट. नव्या लिफ्टमध्ये व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं सर्किट) असतो आणि मशीन रूम टेरेसवरच, तुमच्या अँटेनाच्या शेजारी. आमच्या बिल्डिंगमध्ये नेमकं हेच होतं, कोॲक्स (अँटेनाची केबल) लिफ्टच्या केबलसोबत एकाच डक्टमधून खाली आलेला होता. कोॲक्स दुसऱ्या बाजूने उतरवला आणि फीड पॉइंटला (कोॲक्स अँटेनाला जोडतो तिथे) चोक, म्हणजे शील्डवरचा करंट अडवणारे कोरवरचे वेढे, लावला, लिफ्ट चालताना एस ८ येत होता तो एस ५ वर आला, लिफ्टला कोणी हातही लावला नाही. लिफ्टचं पॅनल स्वतः कधी उघडू नका, अर्थिंग आणि शील्ड तपासायची असेल तर सेक्रेटरीमार्फत एएमसीच्या टेक्निशियनला सांगा.

चोकबद्दल दोन शब्द, कारण मुंबईतला निम्मा नॉईज कोॲक्सच्या बाहेरच्या शील्डवरून चढून येतो. एफटी२४०-३१ कोरवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे, ४० मीटरला हे भक्कम काम करतं. लॅमिंग्टन रोडला सुटे टॉरॉइड ढिगाने मिळतात पण मिक्स (कोर कशाचा बनलाय) कुठलं हे बहुतेक वेळा दुकानदारालाही सांगता येत नाही, पिवळा-पांढरा रंग दिसला की तो पॉवर सप्लायमधला आयर्न पावडरचा कोर, चोकसाठी घेऊ नका. नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स मोजणारं हातातलं यंत्र) सोबत न्या, एक वेढा घालून ७ मेगाहर्ट्झवर रेझिस्टिव्ह भाग किती येतो ते दुकानातच बघा. गणपती आणि दिवाळीत सोसायटीभर एलईडी माळा लागतात तेव्हा नॉईज वाढणारच, त्या दिवसांतलं रीडिंग धरून काही निर्णय घेऊ नका.

राहिला डाँगल. आरटीएल २८३२ मध्ये ८ बिटचा एडीसी आहे, म्हणजे आयडियल धरला तरी ५० डीबी, आणि मुंबईत ९१ पासून १०७ मेगाहर्ट्झपर्यंत एफएम स्टेशनं ठासून भरलेली. ट्यूनर तिथेच दबतो आणि गाणी १४५ मेगाहर्ट्झवरही ऐकू येतात. ८८ ते १०८ चा एफएम नॉच फिल्टर लावा आणि गेन ऑटोवर न ठेवता हाताने कमी करा, तेवढ्याने जातं. एचएफ ऐकताना डायरेक्ट सॅम्पलिंग मोड वापरत असाल तर लक्षात ठेवा की त्याचं क्लॉक २८.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १४.४ ला आरसा, त्याच्या वरचं उलटून खाली दिसतं. २१.६ ते २१.८ वरचे ब्रॉडकास्टर ७.२ ते ७.० वर येऊन बसतात, नेमके आपल्या ४० मीटरवर, आणि लोक त्यालाच ओव्हरलोड समजतात. १० मेगाहर्ट्झचा लोपास लावला की ते गायब. किंवा डाँगलचं व्ही४ मॉडेल घ्या, त्यात अपकन्व्हर्टर (एचएफला वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा भाग) आतच आहे.

तुमच्या जागी मी असतो तर रिगचं बुकिंग थोडं थांबवलं असतं. आधी दोन चोक, बॅटरीवरची एमसीबी टेस्ट, आणि डाँगल लॅपटॉपला लावून एक छोटा लूप हातात घेऊन जिन्यातून सगळे मजले फिरलो असतो. नॉईज एस ६ वर आला की मग सेकंडहँड ७३०० सुद्धा तुम्हाला पुष्कळ वर्षं पुरेल. त्यानंतरही एस ९ राहिला तर कुठल्या वेळेला आणि वॉटरफॉलवर कसा दिसतो त्याचा स्क्रीनशॉट टाका, पट्ट्यांमधलं अंतर बघून पुढे कुठे शोधायचं ते सांगता येईल.